कुंपणापलीकडचे गावठाण

जहाजांच्या कागदपत्रांवर ‘न्हावा शेवा’ एका दमात लिहिले जाते, पण ही दोन गावे एका तालुक्यातलीसुद्धा नाहीत. न्हावा पनवेलमध्ये, शेवा उरणमध्ये. शेव्याच्या मूळ जागेवर बंदर आले आणि गाव उठून नवीन शेवा व हनुमान कोळीवाडा अशा दोन वस्त्यांत वाटले गेले. या पट्ट्यात घर बांधायचे म्हटले की पैशाच्या आधी हद्दीचा प्रश्न येतो: आपण नेमके कोणाच्या अखत्यारीत आहोत? बंदराच्या जमिनीवर जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण, म्हणजे जुने जेएनपीटी. उलवे आणि द्रोणागिरी नोडमध्ये सिडको. नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्रात नैना. तिथेही सिडकोच, पण नियमावली निराळी. उरण शहरात नगरपरिषद. आणि ऑक्टोबर २०२४ पासून कर्नाळा-साई-चिरनेर नवनगरासाठी एमएमआरडीए.

राज्य सरकारने २ डिसेंबर २०२० रोजी एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली, तेव्हा गावोगावच्या वेगवेगळ्या बांधकाम नियमांचा गुंता सुटेल असे सांगितले गेले. बऱ्याच ठिकाणी तो सुटलाही. मात्र ही नियमावली जिथे लागू नाही अशा क्षेत्रांच्या यादीत मुंबई महापालिका आणि एमआयडीसीच्या जोडीला नैना आहे आणि जेएनपीटीही आहे. एकीकरणातून सुटलेले दोन तुकडे या एकाच पट्ट्यात पडले. रस्ता ओलांडला की चटई क्षेत्र बदलते, परवानगी देणारे कार्यालय बदलते, तक्रार ऐकणारा साहेबही बदलतो.

नियम कमी आहेत असे इथे कोणी म्हणू शकणार नाही. तरीही नव्या इमारतीने शेजारच्या जुन्या वस्तीचे काय देणे लागते, या प्रश्नाचे उत्तर यातल्या कोणत्याही पुस्तकात नीट सापडत नाही. या लेखाचा रोख त्या रिकाम्या जागेकडे आहे.

नियमावली कशी विचार करते ते आधी पाहू. भूखंडावर किती बांधता येईल हे मुख्यतः समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. एकात्मिक नियमावलीत दाट वस्तीबाहेरच्या भूखंडाला मूळ चटई क्षेत्र निर्देशांक १.१० आहे; त्यावर अधिमूल्य भरून मिळणारे क्षेत्र आणि टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, चढतात, आणि रस्ता जितका रुंद तितके ते जास्त. बाजूला व मागे किती जागा मोकळी सोडायची हे इमारत स्वतः किती उंच आहे त्यावर ठरते. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर दहा टक्के जागा खुली ठेवावी लागते, पण ती त्या गृहसंकुलातल्या रहिवाशांसाठी. थोडक्यात, नियम भूखंडाच्या हद्दीपर्यंत येतो आणि तिथे थांबतो. पलीकडे मैदान आहे, मिठागर आहे की दीडशे घरांचा कोळीवाडा, याने आकडेमोडीत फरक पडत नाही. हल्ली यात वरून आणखी एक रेघ आली आहे. विमानतळामुळे उलव्यापासून आजूबाजूच्या नोडपर्यंत इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहे. विमानाला अडथळा नको म्हणून उंची काटेकोर मोजली जाते. खाली राहणाऱ्या कोणाला ऊन मिळते का, हे मोजण्याची तरतूद नाही.

रेघ कशी गोठली

सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. त्याआधी, १९६५ मध्ये, चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ नियतकालिकातून खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली होती. ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतली ९५ गावे, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर, नव्या शहरासाठी अधिसूचित झाली. विकास आराखडा मंजूर झाला १९७९ मध्ये. शेतजमिनी, खाजणे, मिठागरे संपादनात गेली. गावठाणे वगळली.

वगळली हे वाचायला दयाळूपणाचे वाटते. त्याचा परिणाम मात्र उलटा झाला. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ नुसार गावठाणाची हद्द ठरवण्याचा आणि वेळोवेळी ती बदलण्याचाही अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो. कुटुंबे वाढतात, घरे विभागली जातात, म्हणून गावठाण विस्ताराची सोय कायद्यातच आहे. पण भोवतालची सगळी जमीन सिडकोच्या नावावर गेल्यावर गावठाण वाढायचे कुठे? नकाशावरची रेघ होती तिथेच राहिली. रेघेच्या आतल्या माणसांची मुले मोठी झाली, त्यांची लग्ने झाली, त्यांना मुले झाली.

उर्वरित महाराष्ट्राशी तुलना केली की हा फरक बोचतो. संहितेत पुढे घातलेल्या कलम ४२-ड मुळे गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या पट्ट्यातली, आराखड्यात रहिवासासाठी दाखवलेली जमीन अकृषिक झाली असे मानले जाते. सातारा किंवा जालना जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला गावाला लागून असलेल्या आपल्या वावरात घर बांधायला या कलमाने वाट मोकळी केली. उरणमध्ये तेच दोनशे मीटर सिडकोच्या मालकीचे. त्यामुळे तीच कृती, आजोबांच्या घराला लागून नातवाने घर बांधण्याची, तिकडे सवलत ठरते आणि इकडे अतिक्रमण.

जमिनीच्या मोबदल्याचा इतिहास या भागात सगळ्यांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई, दास्तान फाटा आणि नवघर परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकरी आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून विकसित जमिनीत वाटा मिळण्याचे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले आणि १९९० पासून साडेबारा टक्क्यांची योजना आली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के क्षेत्राइतका विकसित भूखंड. त्यातले पावणेचार टक्के सामाजिक सुविधांसाठी कापून हातात पावणेनऊ टक्के. निर्देशांक दीड, काही भाग दुकानांसाठी. देशातल्या भूसंपादनाच्या चर्चेत ही योजना आजही आदर्श म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेही.

पण घराच्या प्रश्नासाठी तिच्यात एक खोट राहिली, आणि तिच्याबद्दल पुरेसे बोलले गेले नाही. भूखंड गावाला लागून मिळायला हवा असे बंधन नव्हते. जमीन एका गावात गेली, भूखंड दुसऱ्याच सेक्टरमध्ये निघाला, तोही वर्षानुवर्षांनी, वारसांच्या पाच-सात नावांवर. एवढ्या छोट्या तुकड्यावर भावांनी मिळून इमारत उभी करणे जमणारे नव्हते. मग त्रिपक्षीय करार: सिडको, वाटपधारक आणि विकत घेणारा. भूखंड बिल्डरकडे गेला, पैसा घरात आला, त्यातून गाडी आली, लग्ने झाली, क्वचित धंदाही उभा राहिला. राहायची गरज मात्र होती तिथेच, गावठाणात, आणि ती भागवायला उरला गावठाणाच्या कडेचा पट्टा. साडेबारा टक्क्यांनी जमिनीची किंमत परत केली. गावाच्या वाढीची जागा परत केली नाही.

बंदराच्या प्रकल्पग्रस्तांचे साडेबारा टक्के तर आणखी लांबले. बंदर सुरू झाले २६ मे १९८९ रोजी. त्यांना इरादापत्रे वाटली गेली १६ ऑगस्ट २०१४ रोजी, पंतप्रधानांच्या हस्ते. पंचवीस वर्षे घर थांबत नाही.

गरजेपोटी

या पट्ट्यातल्या घरांना गावात आणि मंत्रालयातही एकच नाव आहे: गरजेपोटी बांधलेली घरे. २५ फेब्रुवारी २०२२ च्या शासन निर्णयाने गावठाणाच्या हद्दीपासून २५० मीटरपर्यंतची प्रकल्पग्रस्तांची अशी बांधकामे नियमित करण्याची वाट काढली. घराखालची जमीन भाडेपट्ट्याने द्यायची, त्यासाठी दर आकारायचा. नंतर त्यात सुधारणा झाल्या, दरांवरून वाद झाले. गावांचे म्हणणे भाडेपट्टा नको, मालकी द्या. आपल्याच वडिलांच्या जमिनीवर आपण भाडेकरू का व्हायचे, हा प्रश्न भावनेचा आहे तसाच व्यवहाराचाही. भाडेपट्ट्याच्या घरावर बँक हात आखडता घेते, हस्तांतराला प्राधिकरणाच्या ना हरकत दाखल्याची वाट पाहावी लागते.

दुसरी बाजू झाकून चालणार नाही. ‘गरजेपोटी’ या नावाखाली सगळीच गरज नव्हती. नवी मुंबईच्या उत्तरेकडच्या गावांत चार-पाच मजली इमारती उभ्या राहिल्या, खोल्या भाड्याने गेल्या किंवा नोटरीच्या कागदावर विकल्या गेल्या. दिघ्याच्या बेकायदा इमारतींचे प्रकरण २०१५ मध्ये उच्च न्यायालयात गाजले, तेव्हा घराबाहेर पडण्याची वेळ आली ती बांधणाऱ्यांवर नव्हे, विकत घेणाऱ्यांवर. अरुंद गल्ल्यांत अग्निशमनाची गाडी शिरत नाही, सांडपाण्याची वाहिनी एका घराच्या हिशेबाची आणि वर आठ बिऱ्हाडे. चीनमध्ये शेन्झेनच्या वाढत्या शहराने गिळलेल्या खेड्यांत हेच घडले. शेत गेले, गावाची जागा राहिली, तिच्यावर इतक्या चिकटून इमारती चढल्या की समोरासमोरच्या खिडक्यांतून हात मिळवता येईल म्हणून त्यांना तसेच नाव पडले. तिथे शहरातल्या कष्टकऱ्यांना परवडणारी घरे या खेड्यांनीच पुरवली, हेही खरे. बंदरावरचा कंटेनर ट्रेलरचा चालक, गोदामातला हमाल, विमानतळाच्या बांधकामावरचा मिस्त्री उलव्याच्या टॉवरमध्ये भाडे भरू शकत नाही. तो गावठाणातल्या खोलीत राहतो. घरांच्या सरकारी धोरणाने ज्याचा विचार केला नाही, त्याची सोय या ‘अनधिकृत’ पट्ट्याने केली आहे.

म्हणून गरज आणि धंदा वेगळे करायला हवेत. त्यासाठी घरनिहाय मोजणी लागते, आणि मोजणीला गावकरी विरोध करतात, कारण आजवर मोजणी झाली की पाठोपाठ नोटीस आली. हा अविश्वास कोणी निर्माण केला ते उघड आहे. पण तो गेल्याशिवाय पुढे सरकणे नाही, आणि माझ्या मते यात पहिले पाऊल प्राधिकरणाने टाकायला हवे: हद्दीची अधिसूचना आधी, मोजणी नंतर.

हनुमान कोळीवाड्याची गोष्ट इथे सांगायला हवी, कारण ती बेकायदा बांधकामाची नाही. शेव्याच्या कोळ्यांना बंदरासाठी उठवून उरणजवळ बोरी पाखाडीला वसवले. ती जागा शासनाने निवडलेली, आखणी शासनाची, घरे रीतसर. जमिनीत वाळवी निघाली. दारांच्या चौकटी, वासे, कपाटे पोखरली गेली, कित्येकांना घरे सोडावी लागली. ठरलेले क्षेत्रही मिळाले नाही अशी गावाची तक्रार आहे, आणि फेरपुनर्वसनासाठी बंदराच्या चॅनेलमध्ये होड्या नेऊन आंदोलन करायची पाळी मच्छीमारांवर आली. बंदर चाळिशीकडे चालले आहे, कोळीवाड्याचे पुनर्वसन अजून पुरे झालेले नाही. तेव्हा नियमात बसले म्हणजे घर झाले, असे मानणाऱ्यांनी एकदा बोरी पाखाडीला जाऊन यावे.

पाण्याची पातळी

माझ्या मते सगळ्यात गंभीर आणि सगळ्यात कमी चर्चिलेला मुद्दा उंचीचा आहे, पण इमारतीच्या नव्हे, जमिनीच्या.

उरण-पनवेलचा हा किनारा मुळात भरती-ओहोटीच्या हिशेबाने वसलेला. आगरी शेतकऱ्यांनी खाडीला बांध घालून खारजमीन पिकवली. बांधात उघाडी असे, ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर आणि भरतीला खाडीचे पाणी बाहेरच. गावठाण त्यातल्या त्यात उंचवट्यावर. सिडकोने हीच रीत मोठ्या प्रमाणावर वापरली: बांध, झडपा आणि धारण तलाव, म्हणजे भरती असताना पावसाचे पाणी साठवून ठेवणारी तळी. कल्पना चांगली. पण नोडची जमीन भराव घालून उचलली गेली, रस्ते त्याहून वर गेले, आणि पूर्वी उंचवट्यावर असलेले गाव खळगा झाले. धारण तलावांत गाळ साचला, गाळावर तिवरे उगवली, आणि तिवरांना हात लावायचा तर न्यायालयाची परवानगी हवी. विमानतळासाठी जमीन मीटर-मीटरने उचलल्यावर शेजारच्या डुंगी गावात पावसाळ्यात पाणी शिरू लागले, हे बातम्यांतून सर्वांनी वाचले आहे. उरणमधल्या कित्येक गावांतही भराव, बुजलेले नाले आणि घरात येणारे भरतीचे पाणी यांच्या तक्रारी जुन्या आहेत.

आता नियम पाहा. नव्या घराचे जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किंवा रस्त्यापेक्षा किमान किती वर हवे ते नियमावली सांगते. हेतू योग्य: पाणी घरात येऊ नये. पण कोणाच्या घरात? रस्ता उचलला की नव्या इमारतीचे जोते त्या मानाने वर जाते, नियम पाळला जातो, भोगवटा प्रमाणपत्र मिळते. तिच्या पायथ्याशी आलेले पाणी उताराने जुन्या घराच्या उंबऱ्यावर येते. त्या उंबऱ्याची उंची कोणत्याच नकाशावर नाही. बांधकाम परवानगीच्या छाननीत अग्निशमन, पार्किंग, वृक्ष, विमानतळ अशी ना हरकत मागितली जाते. शेजारच्या गावठाणाच्या जमिनीची पातळी आणि पाण्याचा उतार मागितला जात नाही. यासाठी कायद्यात मोठा बदल लागत नाही. परवानगीच्या अर्जासोबत भूखंडाच्या हद्दीपलीकडच्या शंभर मीटरची पातळी मोजून जोडा, एवढी एक अट पुरेशी सुरुवात ठरेल.

तिवरांचे उदाहरण इथे उपयोगी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ च्या आदेशाने तिवरांची तोड थांबवली आणि त्यांच्याभोवती ५० मीटरचा संरक्षक पट्टा ठेवला. २०१८ च्या निकालाने ते पक्के केले. हे संरक्षण आवश्यकच होते. तिवरे नसतील तर या किनाऱ्यावर गावेही राहणार नाहीत. पण एखाद्या गोष्टीभोवती पट्टा राखता येतो, तो नकाशावर काढता येतो आणि त्यासाठी परवानगी अडवता येते, हे त्यातून सिद्ध झाले आहे. खाडीकाठच्या गावाला मात्र तिवरांचा पट्टा एका बाजूने अडवतो, किनारा नियमन क्षेत्राची रेघ दुसरीकडून, सिडकोची मालकी उरलेल्या दोन बाजूंनी. स्वतःच्या भोवती त्या गावाला काहीही मागता येत नाही.

याला जोडून कंटेनर यार्डांचा प्रश्न येतो. नव्या वसाहती आणि जुनी गावे यांच्यामध्ये द्रोणागिरीपासून जासई-चिर्ल्यापर्यंत गोदामे, कंटेनर फ्रेट स्टेशने, रिकाम्या कंटेनरांचे ढीग, ट्रेलरचे तळ पसरले आहेत. काही परवान्याचे, काही बिनपरवान्याचे. धुतुम, जसखार, सोनारी, करळ या गावांतल्या लोकांना शेजारी टॉवर येण्यापेक्षा यार्ड आल्याचा त्रास जास्त. गोदाम विभाग आणि रहिवास विभाग आराखड्यात वेगळ्या रंगांत दाखवलेले असतात, पण गावठाण हा त्या रंगांच्या मधला पांढरा ठिपका. त्याच्या कडेपासून अवजड वाहतूक किती दूर हवी, हे ठरवणारे कोणी दिसत नाही.

जगात याच प्रश्नाचे उलटे रूप

जगभर नव्या घरांच्या नियमांवर जी चर्चा चालते तिचा सूर वेगळा आहे. अमेरिकेत १९२६ मध्ये युक्लिड गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने झोनिंग वैध ठरवले. स्वतंत्र बंगल्यांच्या वस्तीत शिरणारी अपार्टमेंटची इमारत ही बांडगुळासारखी, असे त्या निकालात म्हटले होते. तिथे पुढे शंभर वर्षे जुन्या वस्तीने नियमाचा उपयोग करून नव्या घरांना दाराबाहेर ठेवले. घरे महागली, आणि मग मिनियापोलिस शहराने डिसेंबर २०१८ मध्ये फक्त एका कुटुंबाच्या घराचीच सक्ती काढून टाकली. न्यूझीलंडच्या ऑकलंडने २०१६ मध्ये बहुतेक निवासी जमिनीवर जास्त घरांना मुभा दिली. तिकडचा प्रश्न असा की जुन्या शेजाऱ्याचे फार ऐकले जाते.

आपल्याकडे ते औषध जसेच्या तसे लागू करणारे तज्ज्ञ अधूनमधून भेटतात: निर्देशांक वाढवा, अडथळे काढा, घरे स्वस्त होतील. मुंबईच्या काही भागांत त्यात तथ्य आहे. उरणला मात्र जुना शेजारी कधी नकार देण्याच्या जागी नव्हताच. इथे जुनी वस्तीच नियमाबाहेर गेली आणि नवी वस्ती नियमाने आली.

जपानचे उदाहरण मला जास्त जवळचे वाटते. तिथे वापर विभाग राष्ट्रीय कायद्यानेच ठरलेले आहेत, संख्येने तेरा, आणि त्यात घरांना मुभा भरपूर आहे. पण १९७६ पासून इमारत कायद्यात सावलीचा नियम आहे: वर्षातल्या सर्वात लहान दिवशी, सकाळी आठ ते दुपारी चार, नव्या इमारतीची सावली भूखंडाच्या हद्दीपलीकडे किती तास पडते ते मोजायचे, आणि मर्यादेपेक्षा जास्त असेल तर आकार बदलायचा. बांधू नका असे हा नियम म्हणत नाही. बांधताना कुंपणापलीकडे बघा म्हणतो. आपल्या हवामानात सावली ही तक्रार नव्हे, सुख आहे. पण ‘सावली’च्या जागी ‘पाणी’ घाला आणि उरणसाठी नियम तयार आहे.

गोव्यात तिसरेच चित्र. तिथे २००६ चा प्रादेशिक आराखडा लोकांच्या विरोधामुळे २००७ च्या जानेवारीत मागे घ्यावा लागला. २०२३ मध्ये कायद्यात आलेल्या कलम १७(२) खाली बागायती जमिनी वसाहतीच्या विभागात घालण्यावरून ग्रामसभा पुन्हा पेटल्या. गोव्याचे गावकरी झोनच्या नकाशातला सर्व्हे नंबर तोंडपाठ असल्यासारखे बोलतात. उरणच्या गावकऱ्यांना भूसंपादनाचा कायदा असाच पाठ आहे. विकास आराखड्याचा अजून नाही.

पुढची १२४ गावे

आराखडा पाठ नसण्याची ही उणीव आता महाग पडणार आहे. शिवडी-न्हावा शेवा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला, त्याच दिवशी लोकलही उरणपर्यंत आली. चिर्ल्याहून दक्षिण मुंबई जवळ आली तसे जमिनीचे भाव चढले. सिडकोने खारकोपर आणि बामणडोंगरी स्थानकांजवळ घरांचे मोठे प्रकल्प उभारले. त्यानंतर एमएमआरडीएला उरण, पनवेल, पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी, ३२३.४४ चौरस किलोमीटरसाठी, नवनगर विकास प्राधिकरण नेमले गेले. सिडकोच्या मूळ ९५ गावांहून जास्त गावे, जवळजवळ तेवढेच क्षेत्र, आणि कायदाही तोच, १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, कलम ११३. वृत्तपत्रांनी याला ‘तिसरी मुंबई’ म्हटले. या गावांतून हजारोंच्या संख्येने हरकती गेल्या.

याच पट्ट्याच्या शेजारी पेण तालुक्यातल्या २२ गावांनी २१ सप्टेंबर २००८ रोजी महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राबाबत (सेझ) जनमत चाचणीत मतदान केले होते आणि त्या प्रकल्पासाठीचे जमीन संपादन पुढे बारगळले. चिरनेरने तर १९३० च्या जंगल सत्याग्रहात गोळ्या झेलल्या. ही गावे हरकत घ्यायला घाबरणारी नाहीत. प्रश्न हरकत कशावर घ्यायची, हा आहे.

नैनात सिडकोने नगररचना परियोजनांचा रस्ता धरला, जो मुंबई इलाख्यात १९१५ च्या कायद्यापासून माहीत आहे: संपादन नाही, सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून रस्ते-सुविधा काढायच्या आणि मूळ मालकाला सुमारे चाळीस टक्के क्षेत्राचा अंतिम भूखंड, वाढीव निर्देशांकासह. मालकी शेतकऱ्याकडे राहते, ही साडेबारा टक्क्यांपेक्षा नक्कीच सरस बाजू. तिच्यावरही आक्षेप आहेत, साठ टक्के फार होतात हा मुख्य. पण या पद्धतीत भूखंड फिरवता येतात, आणि म्हणूनच गावठाणाला लागून त्याच गावच्या लोकांचे भूखंड ठेवणे शक्य आहे. भूखंड देताना हा निकष सक्तीचा केला, तर गरजेपोटीच्या घरांचा पुढच्या पिढीतला प्रश्न जन्मालाच येणार नाही. नवनगरातही हे करता येईल, पण आराखडा कागदावर उतरण्याच्या आधी. नंतर नाही.

गावठाण विस्ताराची हद्द आराखड्याच्या आधी अधिसूचित व्हावी, भरावाची पातळी शेजारच्या वस्तीशी ताडून ठरावी, गोदामे आणि गावठाण यांच्यात पट्टा असावा: यातले काहीही क्रांतिकारक नाही. यातल्या कशालाही बिल्डरच्या निर्देशांकातून मोठा तुकडा तोडावा लागत नाही. तरी पन्नास वर्षांत झाले नाही, कारण आराखडा करणाऱ्याच्या टेबलावर गावठाण म्हणजे काम संपलेली जागा होती. संपादन तिथे नव्हते, विक्री नव्हती, उत्पन्न नव्हते.

तेव्हा या १२४ गावांतल्या वाचकांना एक सांगणे. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांना साधारण महिनाभराची मुदत असते आणि त्याची जाहिरात वृत्तपत्राच्या कोपऱ्यात येते. मोबदला किती, हा प्रश्न विचाराच. पण त्याच कागदावर आपल्या गावठाणाची हद्द कुठे काढली आहे, तिच्याबाहेर आज किती घरे आहेत, गावाला लागून कोणता विभाग दाखवला आहे, समोरचा रस्ता आपल्या अंगणापेक्षा किती वर जाणार आहे, हेही सर्व्हे नंबर घालून लिहा. ग्रामसभेचा ठराव जोडा, घरपट्टीच्या पावत्या आणि नमुना आठच्या प्रती जोडा. अर्जावर आवक क्रमांकाची पोच घ्या आणि सुनावणीच्या दिवशी स्वतः हजर राहा. वकील किंवा पुढारी गेला तरी तुम्ही जा.